ताटातील प्रथिने आणि आपली मूत्रपिंडे
(जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार २००६ सालापासून जगभर मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी व्यासपीठावरून डॉक्टरांनी बोलावे अशीच सर्वांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. मात्र आहाराविषयीचे प्रश्न तपासणीच्या खोलीत जितके विचारले जातात, तितकेच ते देयकाच्या खिडकीशीही विचारले जातात. ‘‘साहेब, डाळ पूर्ण बंद करायची का?’’, ‘‘अंडे चालेल का?’’, ‘‘आम्ही तर शाकाहारी, मग आमच्या घरात हा आजार कसा आला?’’ हे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. म्हणून आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांशी व आहारतज्ज्ञांशी सविस्तर बोलून जे समजले, ते आपणांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असल्याने मांडणीत जमाखर्चाचा वास आला, तर आपण तो गोड मानून घ्यावा.

आपल्या या परिसराचे स्वयंपाकघर मोठे विविध आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांची लष्करी छावणीतील वसाहत १९४९ साली उल्हासनगर या नावाने उभी राहिली आणि तिच्याबरोबर दाल-पकवान, सई भाजी, कोकी व सिंधी कढी या भागात रुजली. अंबरनाथला आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. बदलापूरकडे आणि उल्हास नदीच्या काठच्या गावांत आगरी, कुणबी व आदिवासी कुटुंबांच्या घरी सुकट, सुके बोंबील, वाल आणि नाचणी आहे. अलीकडच्या वर्षांत मुंबईतून घर शोधत आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांमुळे या भागात व्यायामशाळा वाढल्या आणि त्यांच्यासोबत प्रथिनांच्या पावडरीचे डबेही आले. तेव्हा ‘प्रथिने कोणती खावीत’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एका ओळीचे उत्तर देता येत नाही. ते देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेतात आणि साधारण दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकतात. आपण खाल्लेल्या प्रथिनांची अमिनो आम्ले होतात. त्यांतील जी शरीराच्या बांधणीस लागत नाहीत, त्यांच्यातील नायट्रोजनपासून यकृतात युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याची जबाबदारी मूत्रपिंडावर येते. पिष्टमय पदार्थ व स्निग्ध पदार्थ जळून गेले की मुख्यतः पाणी व वायू उरतो. प्रथिनांच्या मागे मात्र असा शिल्लक कचरा राहतो. शिवाय भरपूर प्रथिनांचे जेवण झाले की गाळण्यांतील दाब व गाळण्याचा वेग काही काळ वाढतो. निरोगी मूत्रपिंड हा भार सहज पेलते. परंतु ज्यांच्या गाळण्या आधीच निम्म्याने कमी झाल्या आहेत, त्यांच्या उरलेल्या गाळण्यांवर हा वाढीव दाब सतत राहिला तर त्याही लवकर झिजतात, ही कल्पना बॉस्टनचे डॉ. बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडली. मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिने मोजून देण्याच्या आजच्या पद्धतीमागे हाच विचार आहे.

आता गरज किती, ते पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीस वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. आपल्या साध्या ताटाचा हिशेब मांडला तर सहा पोळ्यांतून १८ ग्रॅम, एका मध्यम वाढीच्या भातातून ४ ग्रॅम, दोन वाट्या वरणातून १२ ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीतून ६ ग्रॅम, पेलाभर दूध किंवा दह्यातून ६ ग्रॅम आणि भाजीतून ३-४ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ५० च्या आसपास येते. केवळ धान्य व डाळींवर राहणाऱ्यांची गरज थोडी अधिक, किलोमागे १ ग्रॅमच्या जवळपास धरली जाते. पोळीला डाळीची आणि भाताला उसळीची जोड असावी हा आपल्या आजीबाईंचा आग्रह शास्त्रालाही मान्य आहे, कारण धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. निरोगी माणसाला यापलीकडे डब्यातील पावडरीची गरज सहसा पडत नाही. ज्या घरात मात्र वरण पातळ, उसळ क्वचित आणि दूध फक्त चहापुरते, त्या घरात ही बेरीज ५० पर्यंत पोहोचत नाही, हेही आपण विसरता कामा नये.

पुढचा प्रश्न असा, की प्रथिने डाळीतून आली काय आणि मटणातून आली काय, मूत्रपिंडाला फरक पडतो का? अलीकडच्या अभ्यासांचे उत्तर ‘पडतो’ असे आहे, पण त्यातील बारकावे समजून घ्यावे लागतात.

सिंगापूर येथे ६३,२५७ चिनी वंशाच्या प्रौढांचा आहार नोंदवून त्यांचा सरासरी साडेपंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. लाल मांस सर्वाधिक खाणाऱ्या चौथ्या हिश्श्यातील लोकांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळला. मासे, कोंबडी, अंडी व दूध यांचा असा संबंध आढळला नाही, तर सोयाबीन व कडधान्यांकडे कल किंचित संरक्षक दिसला. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथील लाल मांस बहुतांशी डुकराचे होते, आपल्याकडचे बोकडाचे नव्हे. दुसरे, असे अभ्यास संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६२४ स्त्रियांची ११ वर्षांची नोंद होती. ज्यांची मूत्रपिंडे निरोगी होती त्यांना अधिक प्रथिनांमुळे हानी झाल्याचे दिसले नाही. ज्यांचे कार्य आधीच थोडे मंदावलेले होते, त्यांच्यात मात्र अधिक प्रथिने, विशेषतः दुधाव्यतिरिक्तची प्राणिज प्रथिने, घेणाऱ्यांचे कार्य अधिक वेगाने घटले.

या फरकाची कारणेही समजण्याजोगी आहेत. मांसाहारातील प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्ले अधिक असल्याने शरीरात आम्लता वाढते आणि ती बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडास जादा काम पडते. भाज्या व फळे ही आम्लता कमी करतात. दुसरी बाब फॉस्फरसची. कडधान्यांतील फॉस्फरस फायटेट नावाच्या स्वरूपात बांधलेला असल्याने त्यातील निम्म्याहून कमीच भाग शरीरात शोषला जातो. मांस व दुधातील त्याहून अधिक, आणि शीतपेये, डबाबंद मांस, प्रक्रिया केलेले चीज यांत मिसळलेला फॉस्फेट क्षार जवळजवळ सर्वच्या सर्व शोषला जातो. २०११ साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या नऊ रुग्णांना एक आठवडा शाकाहारी व एक आठवडा मांसाहारी जेवण दिले गेले. दोन्हींत प्रथिने व फॉस्फरस सारखेच होते, तरी शाकाहारी आठवड्यात रक्तातील फॉस्फरस कमी राहिला. प्रयोग लहान असला तरी त्याचा उपयोग मोठा आहे, कारण ‘डाळीत फॉस्फरस असतो म्हणून डाळ सोडा’ हा सरसकट सल्ला त्याने सैल केला.

याचा अर्थ शाकाहारी घर निश्चिंत झाले असा मुळीच नाही. ‘‘आम्ही तर शाकाहारी’’ म्हणणाऱ्यांना उत्तर असे, की २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मूत्रपिंड नोंदवहीत बावन्न हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या आजाराचे मूळ मधुमेहात आढळले, आणि उच्च रक्तदाब हेही एक मोठे कारण होते. मधुमेह व रक्तदाब हे दोघेही ताट शाकाहारी की मांसाहारी हे विचारून घरात शिरत नाहीत.

आपल्या परिसरातील पदार्थांकडे या दृष्टीने पाहिले तर प्रथिनांबरोबर आणखी काय येते हे दिसते. सिंधी घरी पाहुण्यापुढे पाण्यासोबत पापड ठेवण्याची सुंदर रीत आहे. पापड उडीद-मुगाचा, म्हणजे प्रथिनांचाच, पण त्यात मीठ आणि पापडखार भरपूर असतो. सुके बोंबील व सुकट ही गरिबाघरची उत्तम प्रथिने. सुक्या बोंबलांत शंभर ग्रॅममागे ६० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. परंतु खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब वाढविते आणि अंगावर सूज आणते. सई भाजीत हरभरा डाळ, पालक व आंबट चुका असतो. निरोगी माणसास हा पदार्थ अमृतासमान आहे. ज्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढलेले आहे त्यांनी मात्र भाजी उकळून पाणी टाकून द्यावे आणि किती खावी हे आहारतज्ज्ञांस विचारावे. दाल-पकवानातील डाळ चांगली, तळलेले मैद्याचे पकवान सणापुरते ठेवावे. कोणताही सांस्कृतिक पदार्थ टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. मीठ, तेल आणि प्रमाण या तीन रकमांवर लक्ष ठेवावे, इतकेच सुचवायचे आहे.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या पालकांसाठीही एक शब्द. निरोगी तरुणाने काही काळ अधिक प्रथिने घेतल्यास मूत्रपिंड बिघडतेच असे म्हणण्यास आधार नाही. पण डब्याला हात लावण्यापूर्वी रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन एकदा तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीस कोणतेही लक्षण दाखवीत नाही. क्रिएटिन घेणाऱ्यांचा, किंवा तपासणीपूर्वी भरपूर शिजवलेले मांस खाल्लेल्यांचा क्रिएटिनिनचा आकडा तात्पुरता वाढू शकतो. ही बाब डॉक्टरांस आधी सांगितल्यास अकारण घबराट टळते.

मुतखड्याविषयी थोडक्यात. आपल्या उष्ण व दमट हवेत, भट्ट्यांपुढे आणि यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांना घाम फार येतो, पाणी कमी पडते आणि खडे होतात. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद करण्याची प्रथा आजही अनेक घरी आहे. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दूध नेहमीसारखे ठेवून मीठ व प्राणिज प्रथिने कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, तर कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना. म्हणून कात्री दुधाला लावायची नसून मिठाला आणि अतिरिक्त मांसाला लावायची आहे. कुळथाचे कढण अवश्य प्यावे, त्यातील पाणी कामी येते, परंतु त्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नये.

आता ज्यांना मूत्रपिंडाचा आजार जडला आहे त्यांच्याविषयी. येथेच घरोघरी सर्वांत मोठा गोंधळ होतो आणि येथेच जिवाचे मोल पडते, म्हणून आपण सर्वांनी पुढील दोन वाक्ये लक्षपूर्वक ऐकावीत. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मर्यादेत ठेवावयाची असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावयाची असतात.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, २०२४ साली सुधारलेल्या स्वरूपात, आजार मध्यम वा पुढच्या टप्प्यावर असताना किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत आणि १.३ ग्रॅमहून अधिक घेऊ नयेत. काही रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली याहूनही कमी दिली जातात. ६० किलोच्या रुग्णास ०.८ या दराने ४८ ग्रॅम होतात. म्हणजे आपण वर मांडलेल्या साध्या ताटाइतकीच! पथ्य म्हणजे उपासमार नव्हे. डाळ, उसळ, दूध सर्वच बंद करून रुग्णास केवळ भात व साबुदाण्यावर ठेवले, तर शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते, आणि त्याचाही युरिया होतोच.

डायलिसिसवरील रुग्णाचे गणित उलटे आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास रक्त यंत्रातून फिरते तेव्हा कचऱ्यासोबत सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. म्हणून अशा रुग्णास किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, अर्थात ६० किलोमागे ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने दररोज लागतात. पण वर्षभर ‘कमी खा’ ऐकून सवय झालेले कुटुंब डायलिसिस सुरू झाल्यावरही तेच पथ्य पाळत राहते. रुग्ण वाळत जातो, पायांवर सूज येते, जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि नातेवाइकांना वाटते की यंत्रानेच माणूस खाल्ला. आईने, पत्नीने, सुनेने प्रेमापोटी पाळलेले पथ्य रुग्णावर उलटते, ही फार दुःखाची गोष्ट आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी आहारतज्ज्ञांकडून नवा तक्ता लिहून घ्यावा, अशी हात जोडून विनंती आहे.

अशा रुग्णासाठी अंड्याचा पांढरा भाग फार उपयोगी आहे. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने असतात आणि फॉस्फरस नगण्य असतो. तो बलकात असतो. ताजी मासळी व कोंबडीही चालते. शाकाहारी रुग्णासाठी पनीर, दही, सोयाबीन आणि भिजवून पाणी काढून शिजवलेली डाळ यांचा मेळ घालता येतो. श्रावण, चातुर्मास, नवरात्र किंवा झुलेलालांचा चालिहो आला की रुग्णही उपवास धरतात. श्रद्धेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, आणि बटाटा, केळी, खजूर व नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, जे डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाची लय बिघडवू शकते. आजारी माणसास उपवासातून सूट देणे हे आपल्या परंपरेतही बसते. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःहून ही सूट द्यावी, कारण रुग्ण ती मागण्यास संकोचतो.

आता देणगीदार मंडळींकडे वळतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्य शासनाची योजना, तसेच २०१६ साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, यांमुळे गरिबाला यंत्र मिळण्याची वाट पुष्कळ सोपी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. हे सर्व आपण जाणताच. पण यंत्राचा खर्च कोणी उचलला तरी घरचे ताट कुटुंबालाच भरावे लागते. आठवड्याचे तीन दिवस रुग्णालयात जातात, सोबतच्या माणसाची रोजंदारी बुडते आणि पहिली काटकसर डाळ, दूध व अंडी यांवर होते. म्हणजे ज्या रुग्णाला प्रथिने अधिक हवीत, नेमकी त्याच्याच घरी ती घटतात. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यावर आपण मोठी रक्कम खर्च करतो आणि शेजारच्या खात्यावरील छोट्या तुटीपायी तिचा लाभ गमावतो.

म्हणून आमची विनंती अशी, की डायलिसिसच्या प्रत्येक पाळीनंतर निर्धन रुग्णास दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ-पनीर आणि आहारतज्ज्ञांचा छापील तक्ता मिळावा, यासाठी स्वतंत्र आहार निधी उभारण्यास आपण हातभार लावावा. तक्ता मराठी, सिंधी व हिंदी अशा तिन्ही भाषांत असावा आणि त्यात आपल्याच घरचे पदार्थ असावेत, म्हणजे तो भिंतीवर न राहता चुलीपर्यंत पोहोचेल. वाढदिवस, पुण्यतिथी वा लग्नाच्या वाढदिवसानिमित्त एका रुग्णाचा महिन्याचा आहार उचलणे ही मोठी रक्कम नाही. निधीतील प्रत्येक रुपयाचा हिशेब स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवून लेखापरीक्षित स्वरूपात याच अहवालातून आपणांपुढे सादर केला जाईल.

शेवटी सर्व कुटुंबांसाठी एक छोटी सूचना. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा आजार झालेला आहे, किंवा जे दुखण्यावरच्या गोळ्या वारंवार घेतात, त्यांनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या न चुकता कराव्यात. आजार लवकर समजला तर मर्यादा ४८ ग्रॅमची, म्हणजे रोजच्याच जेवणाची असते. उशिरा समजला तर आठवड्याचे बारा तास यंत्राजवळ द्यावे लागतात.

 सभागृहाबाहेर आमच्या आहारतज्ज्ञ तक्ते घेऊन बसल्या आहेत. कृपया रुग्णाचे शेवटचे अहवाल सोबत असल्यास त्यांना दाखवूनच निघावे.